बेपत्ता पोर घरी आलं, पण प्रकरण तिथंच संपतं का? गावानं, घरच्यांनी आणि पत्रकारानं काय करायचं, समजून घ्या

मुलं गायब होतात, कुणालाच पत्ता लागत नाही. एक पत्रकार एकटाच मागे लागतो, जंगलातल्या वाड्यात जाऊन पोहोचतो. मग एक दिवस मुलं परत येतात, पण आधीसारखी राहिलेली नसतात. अशा कथेचे सिनेमे आणि वेब सिरीज आता खेड्यातही मोबाईलवर रात्री जागून बघितल्या जातात. कथा म्हणून ठीक आहे. पण खऱ्या आयुष्यात पोरगं बेपत्ता झालं तर काय होतं, आणि परत आलं तर पुढं काय, हे फार कमी लोकांना माहीत असतं. माहिती नसल्यानं दोन प्रकारचं नुकसान होतं. घरचे लोक पहिले महत्त्वाचे तास वाया घालवतात. आणि गाव अफवेवर विश्वास ठेवून भलत्याच माणसाच्या अंगावर धावून जातं.

बहुतेक मुलं सापडतात, हे आधी लक्षात घ्या

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुलं बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यात ६२,९४६ मुली होत्या. म्हणजे दर चार मुलांमागं तीन मुली. त्याच वर्षात ८०,५६१ मुलांचा शोध लागला. यात आधीच्या वर्षांत हरवलेली मुलंही धरलेली आहेत, त्यामुळं एका आकड्यातून दुसरा वजा करून चालत नाही. तरी एवढं नक्की दिसतं की शोध घेतला तर मुलं सापडतात.

दुसरी गोष्ट, 'पोरं पळवणारी टोळी' हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असलं तरी मुलं घराबाहेर जाण्याची कारणं बहुतेक वेळा जवळचीच असतात. परीक्षेची भीती, घरातली मारहाण, बापाची दारू, मुंबई-पुणे बघायची हौस, मोबाईलवर झालेली ओळख, लग्न लावून देतील ही धास्ती, कामाला लावतो म्हणून कुणी दाखवलेलं आमिष. मुलाला घेऊन जाणारा माणूस पुष्कळदा ओळखीतलाच निघतो. मुकादम असतो, लांबचा नातेवाईक असतो, नाहीतर ऑनलाइन 'मित्र' असतो.

'चोवीस तास थांबा' असा कायदाच नाही

पोरगं सापडत नाही म्हटल्यावर पाहुण्यांकडं फोन होतात, विहिरी बघितल्या जातात, देवऋषाकडं जाणंही होतं. पोलीस ठाण्यात जायला दुसरा दिवस उजाडतो. कुणीतरी सांगतं, चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. हे खरं नाही.

'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरून तपास सुरू करायचा. मूल म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेलं कुणीही. सतरा वर्षांची मुलगी 'स्वतःच्या मर्जीनं गेली' असं म्हणून तक्रार टाळता येत नाही.

हद्दीचं कारणही चालत नाही. पोरगं जत्रेत हरवलं, बसस्टँडवरून गेलं, दुसऱ्या तालुक्यात मामाकडं असताना गेलं, तरी जवळच्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती मागून घ्या. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते, पोस्टानंसुद्धा.

ठाण्यात जाताना एवढं सोबत ठेवा:

– मुलाचा अलीकडचा फोटो. लग्नातला सजवलेला नको, रोजच्या कपड्यातला बरा.
– अंगावरचे कपडे, उंची, तीळ, व्रण, बोलण्यातली खोड.
– आधार क्रमांक, शाळेचं नाव, जवळच्या मित्रमैत्रिणींची नावं.
– मूल वापरत असलेले मोबाईल नंबर, इन्स्टाग्राम आणि गेमचे आयडी.
– शेवटचं कुणी, कुठं, किती वाजता बघितलं.

घरातला जो मोबाईल मूल वापरत होतं, तो रागाच्या भरात फोडू नका, रिसेट मारू नका, त्यातले मेसेज उडवू नका. पुष्कळदा पहिला धागा त्यातच असतो.

चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडं द्यायचा, असा बाल न्याय नियमांत उल्लेख आहे. बऱ्याच पालकांना हे ठाऊक नसतं. चार महिने उलटले असतील तर 'आमचं प्रकरण त्या पथकाकडं गेलं का?' हे लेखी विचारा.

जी मुलं बेपत्ता म्हणून कधी नोंदलीच जात नाहीत

२०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातलं एक प्रकरण राज्यभर गाजलं. कातकरी कुटुंबांतली लहान मुलं शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती. बदल्यात घरच्यांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी गंभीर अवस्थेत रात्रीच्या अंधारात झोपडीबाहेर आणून टाकली गेली. दवाखान्यात उपचार सुरू असताना ती गेली. त्यानंतर चौकशी सुरू झाली आणि अशी आणखी मुलं वेगवेगळ्या ठिकाणी असल्याचं उघड झालं. गुन्हे दाखल झाले.

या घटनेतून मोठी गोष्ट कळते. अशी मुलं पोलिसांच्या बेपत्ता यादीत सहसा सापडत नाहीत, कारण घरचे म्हणतात, 'पोरगं हरवलं नाही, पाठवलंय.' शाळेच्या हजेरीत त्याच्या नावापुढं गैरहजेरी लागते. कुणी विचारलं तर 'मावशीकडं आहे' असं उत्तर मिळतं. ऊसतोडीच्या हंगामात आणि वीटभट्टीच्या दिवसांत अख्खं कुटुंबच बाहेर असतं, तेव्हा एखादं पोर मागं राहिलं की पुढं गेलं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

उचल घेऊन त्या बदल्यात मूल कामाला ठेवणं ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानं ती बंद केलेली आहे आणि घेतलेली उचल फेडायचं बंधनही त्याच कायद्यानं संपतं. 'पैसे फेडा, मग पोर नेा' असं मालक म्हणत असेल तर तो कायद्यानं गुन्हेगार आहे, पालक देणेकरी नाहीत. असं मूल सुटून आलं तर तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात जाऊन मुक्ततेचा दाखला मागा. पुनर्वसनाची मदत त्या कागदावर अवलंबून असते.

म्हणून गावात कुणाचं पोर दोन-तीन महिने दिसलं नाही तर त्याची विचारपूस करणं म्हणजे चोंबडेपणा नव्हे. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या नजरेला हे सगळ्यात आधी येतं.

पोर परत आलं. आता?

इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. मूल घरी आलं की आईबापांना वाटतं, सुटलो. गावातले चार जण सांगतात, 'आता कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता? पोरीची बदनामी होईल.' मग कुणाला न सांगता मुलीची शाळा बंद होते, घाईघाईत स्थळ बघितलं जातं. मुलगा असेल तर दोन मुस्काटात देऊन शेतात जुंपला जातो. काय झालं होतं, कुणी नेलं होतं, हे कुणी विचारत नाही. ज्यानं नेलं तो मोकळा राहतो आणि पुढच्या वस्तीत जातो.

मूल परत आलं तर क्रम असा असावा.

पहिलं, पोटभर खायला घाला आणि झोपू द्या. उलटतपासणी नको. 'का गेलास?' या प्रश्नानं पोर गप्प होतं. 'बरं झालं आलास' एवढं म्हटलं की हळूहळू बोलायला लागतं.

दुसरं, ज्या ठाण्यात तक्रार दिली तिथं कळवा. नाही कळवलं तर कागदावर मूल बेपत्ताच राहतं. मूल सापडलं की पोलीस त्याला बाल कल्याण समितीपुढं हजर करतात. बाल न्याय कायदा २०१५ नुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत हे व्हायला हवं. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. समितीचं नाव ऐकून पालक घाबरतात, 'पोर काढून घेतील' असं वाटतं. पण मूल कुटुंबात परत जावं हाच कायद्याचा पहिला हेतू आहे. घरातच धोका असेल, मारहाण होत असेल किंवा घरच्यांनीच मूल कामाला दिलं असेल, तेव्हा समिती वेगळा विचार करते.

तिसरं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर पोक्सो कायदा लागू होतो. तक्रार करणं ही तेव्हा ऐच्छिक बाब राहत नाही, माहिती असून लपवणं हाच गुन्हा ठरतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घेता येतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला अधिकारी असावी. कुठल्याही कारणानं मुलाला रात्रभर पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. अत्याचार झालेल्या मुलांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिची चौकशीही तिथंच करता येते.

चौथं, 'पळून गेलेल्या' अल्पवयीन मुलीचं ज्याच्यासोबत गेली त्याच्याशी किंवा दुसऱ्या कुणाशी लग्न लावून विषय मिटवायचा, हा गावकीचा जुना तोडगा आता थेट गुन्हा आहे. लग्न लावणारे भटजी, मांडववाले, हजर राहणारे पाहुणे सगळेच अडचणीत येऊ शकतात. ग्रामसेवक हे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना कळवता येतं, १०९८ वरही कळवता येतं.

पाचवं, शाळा. परत आलेलं मूल जितक्या लवकर वर्गात बसेल तितकं पुन्हा जाण्याची भीती कमी. नाव कमी केलं असेल तर वयानुसार पुन्हा प्रवेश देणं शाळेला बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी वर्गात आधीच सांगून ठेवावं की त्या विषयावर कुणी टोमणे मारायचे नाहीत.

जो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, त्याचा शेवट कुणी बघितलाच नाही

२०१८ मध्ये एक व्हिडिओ गावोगाव फिरला. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. सोबत मेसेज होता की पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे.

तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. पाकिस्तानातल्या कराचीमध्ये बेपत्ता मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी तो बनवला होता. मूळ व्हिडिओत तेच दोघं मोटारसायकल फिरवून परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, असा त्याचा अर्थ. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. पोर परत येतं तो भाग काढून टाकला आणि उरलेला भाग लाखो मोबाईलवर गेला. त्याच काळात सीरियातल्या युद्धात मरण पावलेल्या मुलांचे फोटोही 'किडनी काढलेली मुलं' म्हणून फिरवले गेले. पत्रकारांनी आणि पडताळणी करणाऱ्यांनी मूळ व्हिडिओ, मूळ फोटो शोधून काढले, तोवर उशीर झाला होता.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. मुलं पळवणारे असल्याच्या संशयावरून जमावानं त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण ठार झाले. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. त्यानंतर १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जमावाकडून होणाऱ्या हत्यांबाबत जिल्हा पातळीवर जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तरीही एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं अफवेच्या वातावरणातच दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले.

अफवा पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केला' हा बचाव धरून बसू नका. संशयित माणूस दिसला तर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा, त्या माणसाला बसवून ठेवा, पाणी द्या. हात उचलू नका. भटक्या समाजाचा माणूस, वेगळी भाषा, वेगळा पेहराव हा काही पुरावा नव्हे.

बातमीत मुलाचं नाव का नसतं?

मूल बेपत्ता असताना घरचे आणि पोलीस फोटो प्रसिद्ध करतात, कारण शोधासाठी तो लागतो. मूल सापडलं की गोष्ट बदलते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोक्सोच्या प्रकरणात कलम २३ लागू होतं. कायद्यात वर्तमानपत्रासोबत 'इतर संपर्क माध्यमं'ही आहेत. म्हणजे गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि तुमचं स्टेटससुद्धा.

लहान गावात नाव न छापताही ओळख फुटते. 'अमुक वस्तीवरची, नववीत शिकणारी, वडील रिक्षा चालवतात' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. म्हणून जबाबदार बातमीत फक्त तालुका असतो, वस्ती नसते.

सिनेमातला पत्रकार एकटा अंधारात शिरतो. तालुक्यातल्या पत्रकाराचं खरं काम कागदावर असतं. तक्रार किती वाजता दिली आणि एफआयआर किती वाजता नोंदला? मध्ये किती तास गेले? मूल समितीपुढं हजर केलं का? ज्यानं नेलं त्याच्यावर गुन्हा आहे का? त्याच मुकादमाचं नाव आधीच्या प्रकरणात आलं होतं का? मुलाच्या तोंडापुढं माईक धरून 'तुला कसं वाटतंय' विचारण्यापेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे. एका गावातून तीन मुलं एकाच माणसासोबत गेली होती हे असंच जुळवून कळतं, आणि चौथं पोर वाचतं.

फॉरवर्ड केलेला फोटो मागं घ्या

'हे बाळ हरवले आहे, दिसल्यास या नंबरवर कळवा' असा मेसेज मूल सापडल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो. ते मूल मोठं होतं, कॉलेजला जातं, तरी त्याचा फोटो कुठल्यातरी ग्रुपवर 'बेपत्ता' म्हणून येतो. मुलीच्या बाबतीत तर लग्न ठरताना हाच जुना फोटो कुणीतरी पुढं करतो. त्यामुळं असा मेसेज आला तर आधी त्यावर तारीख आहे का बघा, दिलेल्या नंबरवर फोन करून मूल सापडलं का ते विचारा. सापडलं असेल तर ग्रुपवर तसं लिहा आणि फोटो काढून टाका. पोस्ट तुम्ही टाकली असेल तर ती उडवणं ही तुमचीच जबाबदारी.

एखादं अनोळखी मूल तुम्हाला सापडलं तर

बाजारात, एसटीत, रेल्वे स्टेशनवर एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर त्याला घरी नेऊन ठेवू नका, भले हेतू चांगला असेल. कायद्यानं २४ तासांच्या आत पोलीस, १०९८, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. रेल्वेत असाल तर १३९ वर किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगा.

मुलाला नाव-गाव सांगता येत नसेल तरी रस्ता आहे. आधार काढायला गेल्यावर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून कित्येक वर्षांनी घर सापडलं, अशी उदाहरणं नागपूरच्या आधार केंद्रातून समोर आली आहेत. त्यासाठी लहान मुलांचं आधार पाच वर्षांनंतर आणि पुन्हा पंधरा वर्षांनंतर अपडेट करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात, त्यामुळं अपडेट केलं नाही तर शोधायला उपयोग होत नाही.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा

१०९८ – चाइल्ड हेल्पलाइन, २४ तास, मोफत. मूल स्वतःही फोन करू शकतं.
११२ – पोलीस आणि इतर तातडीची मदत.
१३९ – रेल्वे.

गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडी सेविका त्यात असतात. पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा: आपल्या गावची समिती शेवटची कधी बसली, आणि शाळेच्या पटावर असून दोन महिन्यांपासून न दिसलेली मुलं किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.